मास्टर बैदूचं नाक

टाकोराडी शहरातल्या गॅरेजवाल्यांत मास्टर बैदूची ऐट वेगळीच होती. आम्ही सगळे हातांवर पोट भरणारे, हा नाकावर. गाडीच्या एसीतून कुबट वास येतोय म्हणून कुणी आलं की तो काचा वर करायचा, एसी पूर्ण सोडायचा आणि आत एकटा बसून तीन श्वास घ्यायचा. बाहेर येऊन सांगायचा, "पाणी जायची नळी तुंबलीय," नाहीतर, "आत पाल मेलीय, डावीकडं." डॅशबोर्ड उघडला की पाल डावीकडंच निघायची. वर उपदेश फुकट. "घर जवळ आलं की एसी बंद करा, नुसता पंखा राहू द्या. कॉइल ओलीच निजवलीत तर बुरशी धरणारच. ओल्या केसांनी तुम्ही तरी निजता का?"

माझी सीटा शिवायची टपरी त्याच्या गॅरेजला लागूनच. मला तो शिंप्या म्हणायचा.

एकदा तापाने त्याला पंधरा दिवस लोळवलं. उठला तो थोडा वाळला होता, बाकी ठीक. मग एका दुपारी आम्ही केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उंडे, आणि मासे घेऊन बसलो. मासा उतरलेला, वास मारणारा होता. मी पहिल्या घासालाच बाजूला सारला. याने काटे चोखून संपवला. मी त्याच्याकडे बघत राहिलो.

"कुणाला बोलायचं नाही, शिंप्या," तो म्हणाला.

नाही बोललो. तीन श्वास घेणं त्याने सोडलं नाही, पण आता ते नाटक होतं. उतरल्यावर गिऱ्हाइकालाच गोड बोलून विचारायचा, "तुम्हाला कसा येतो वास? ओल्या गोणपाटासारखा ना?" दहातल्या नऊ गाड्यांत दोष नळीचा किंवा कॉइलचाच असतो, त्यामुळे निभत गेलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग त्याच्या थोरल्या बहिणीने, अराबाने, गाडी घ्यायचं काढलं. बैदूला ती घरच्या नावाने फिफी म्हणायची. तीस वर्षं मासे धुरावर सुकवून बाजारात विकले होते तिने. साठवलेलं सगळं घालून एक टॅक्सी घ्यायची, जावयाने ती चालवायची आणि त्यावर म्हातारपण काढायचं, एवढाच तिचा बेत. परदेशातून आलेल्या जुन्या गाड्या तेमा बंदरापाशी मिळतात. तपासायला सख्खा भाऊ सोडून ती दुसरं कुणाला नेणार?

"आणखी कुणाला तरी घे बरोबर," मी बैदूला म्हणालो.

"का?" त्याने असं विचारलं की मी पुन्हा शिवणात मान घातली. त्या गप्प बसण्याबद्दल मला आजही माझा राग येतो.

दोघं जाऊन आली. गाडी करडी, चकचकीत. बैदूने तीन श्वास घेतले होते आणि साफ आहे म्हणून सांगितलं होतं.

महिनाभरात जावई तक्रार घेऊन आला. उतारू बसतात आणि पुढच्या चौकात नाक दाबून उतरतात. बैदूने कॉइल धुतली. आठवड्यात वास परत. पुन्हा धुतली, नळी बदलली, दारं उघडी टाकून गाडी उन्हात ठेवली. तरी परत. तिसऱ्या वेळी त्याने मला हाक मारली. "शिंप्या, खालचा गालिचा उचल."

गालिच्याखाली बोटभर गाळ होता. बारीक, करडा, आपल्याकडचा नव्हेच. सीटचे बोल्ट गंजलेले, वायरींवर हिरवट बुरा. कुठल्यातरी मुलखात ही गाडी सीटपर्यंत पाण्यात बुडाली होती आणि वरून पुसून कुणीतरी ती विकली होती. वास जाणं सोडाच, वर्षभरात एकेक वायर दगा देणार होती.

"कसा येतो रे वास?" बैदूने विचारलं. या वेळी नाटक नव्हतं.

"नदी कुजल्यासारखा."

तो खाली बसला. मी म्हणालो, "दलालाने फसवलं म्हणून सांग. खोटंही नाही ते." त्याने मला दुसऱ्या बाजूचा गालिचाही उचलायला लावला.

अराबा संध्याकाळी आली. उघडी पडलेली गाडी बघून दारातच थांबली.

"ताई," बैदू मान न उचलता म्हणाला, "दोन वर्षं झाली, मला वासच येत नाही. फुलाचा नाही, घाणीचा नाही. तेमाला मी नुसता बसून उतरलो."

ती चिडेल, शिव्या घालेल म्हणून मी वाट बघत होतो. ती गालिच्याशी वाकली, गाळ चिमटीत धरून नाकाशी नेला.

"हाच," ती म्हणाली. "तेमाला दार उघडल्याबरोबर मला हाच आला होता. पण तू साफ म्हणालास. मला वाटलं, म्हातारपणी माझंच नाक गेलं. त्याच आठवड्यात मी बाजारातली जागा सोडून दिली, फिफी. उतरलेला मासा कुणाच्या पोरांच्या पोटात जायला नको म्हणून."