धुऱ्यावरची तळी

मी हेवेखोर आहे, हे आधीच सांगून टाकते. शेजारणीच्या भाकरीला पापुद्रा जास्त सुटला तरी माझ्या पोटात दुखतं. पण त्या वर्षी दुखलं तसं पुन्हा कधी दुखलं नाही, आणि सुरुवात झाली एका केबलवरून.

अमरावतीत पाणलोटाचं काम करणाऱ्या एका संस्थेत मी अकरा वर्षं हाताने नकाशे काढत होते. ट्रेसिंग पेपर, काळी शाई, बारीक टोकाची पेनं. वऱ्हाडातल्या आत्महत्यांच्या बातम्यांमागून सरकारी पॅकेजं यायला लागली होती आणि पातूर तालुक्यातल्या काही गावांत शेततळ्यांचं काम आमच्याकडे आलं. त्याबरोबर मुठीत मावेल एवढा पिवळा जीपीएस आला, आणि नकाशाच्या सॉफ्टवेअरची एक सीडी. साहेब म्हणाले, "यापुढे नकाशे कॉम्प्युटरवर. जो हे यंत्र चालवेल, नकाशाची खोली त्याची." दुसऱ्याने जावक रजिस्टर लिहीत बसायचं, हे न सांगताच कळलं.

आठ दिवस मी त्या यंत्राशी झटले. केबलचं नऊ छिद्रांचं टोक नव्या कॉम्प्युटरला बसेना, म्हणून मधला जोड मागवला. तो लावला तर पडद्यावर एकच वाक्य, यंत्र सापडत नाही. अरे बाबा, सापडत नाही कसं, तुझ्या पुढ्यात तर ठेवलंय! सीडी पुन्हा टाकली, सेल बदलले, शेवटी उदबत्तीही लावून पाहिली.

मग तो आला. पातूरच्या एका शेतकरी मुसलमान घरातला, तिशीचा, अकोल्यात कॉम्प्युटर शिकलेला. संस्थेने त्याला या कामासाठीच घेतलं होतं. त्याने खुर्ची ओढली, कुठलीशी यादी उघडली आणि म्हणाला, "ताई, हा जोड चार नंबरच्या पोर्टवर बसला, अन् सॉफ्टवेअर एक नंबरवर शोधून राह्यलं. कसं सापडन?" त्याने एकाचा चार केला आणि यंत्रात टिपलेल्या जागांचे ठिपके भराभर पडद्यावर उतरले. दीड मिनिटसुद्धा लागलं नसेल. साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा, एवढंच होतं!" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

वर माणूस चांगला, हीच पंचाईत. डबा उघडला की आधी माझ्यापुढे सरकवायचा. मला धड त्याला नावंही ठेवता येईनात.

जुलैत तो जीपीएस घेऊन गावोगाव फिरला. पावसाने दडी मारली होती, लोकांनी दुबार पेरणी केलेली, आणि दुसऱ्यांदा टाकलेलं बियाणं नुकतंच कुठे वर येत होतं. परत आल्यावर त्याने माझ्या हातात एक लाल डायरी दिली. "ताई, पेरलेल्या वावरात मी बूट घेऊन गेलो नाई. कोंब मोडतात. धुऱ्यावर उभा राहून यंत्रात जागा घेतली. तिथून मालक अनवाणी ओळीओळींतून तळ्याच्या जागेपर्यंत गेला, अन् म्या त्याची पावलं मोजली. दिशा अन् पावलं डायरीत हायेत. ठिपके तेवढे आत सरकवून घ्या लागतीन." धुरा म्हणजे बांध. मी मान डोलावली आणि डायरी माझ्या खणात टाकली.

शुक्रवारी दुपारी तो नमाजाला गेला होता. सकाळीच त्याने यंत्रातले ठिपके कॉम्प्युटरवर उतरवून ठेवले होते. साहेब खोलीत आले, पडदा बघितला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे काय? सगळीच्या सगळी तळी बांधावर?"

मला फक्त खण उघडायचा होता. तो माझ्या गुडघ्याला टेकलेला होता. मी म्हणाले, "वावरात पाय टाकलाच नसेल त्यांनी, साहेब."

यातला शब्द न् शब्द खरा होता.

तो परत आला तेव्हा साहेबांचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू जात होता. कामचुकार म्हणाले, फुकट पगार खातोस म्हणाले. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, डायरी हाये ना. ताईजवळ दिली." मग माझ्याकडे बघून, "ताई, ते लाल डायरी..."

"कोणती डायरी?" मी म्हटलं.

आता हा ओरडेल, खण उघडेल, असं मला वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने केबल नीट गुंडाळली, यंत्राशेजारी ठेवली आणि निघून गेला. महिनाअखेरीला त्याने अकोल्यात दुसरं काम धरल्याचं कळलं.

खोली मला मिळाली. साहेबांनी नव्याने मोजणी करायला सांगितली. मी दोन गावं खरंच मोजली, त्याचं एखादं तरी पाऊल चुकलेलं निघावं म्हणून. एकही चुकलं नव्हतं. मग बाकीच्या गावांत गेलेच नाही. त्याची डायरी उघडून एकेक ठिपका आत सरकवला आणि नकाशाच्या कोपऱ्यात माझी सही केली.

उन्हाळ्यात खोदकाम सुरू व्हायच्या आधी एका गावात देवळाच्या ओट्यावर तो नकाशा पसरला. एक म्हातारा शेतकरी ओणवा झाला आणि आपल्या तळ्यावर बोट टेकवून म्हणाला, "बराबर जागी हाये. मीच चाललो होतो, अन् तो पातूरवाला भाऊ धुऱ्यावरून माही पावलं मोजून राह्यला होता. बाई, तो काहून नाई आला? त्याले माहा रामराम सांगजा. म्हना, कोंब सारे शाबूत राह्यले."

"सांगते," मी म्हटलं.

सांगितलं नाही. अकरा वर्षांत मी कितीतरी गावांचे नकाशे काढले, पण माझ्यासाठी असा निरोप कधी कोणी धाडला नव्हता. त्याची खोली, त्याचं यंत्र, त्याने मोजलेली पावलं, सगळं माझ्याकडे होतं, आणि परतताना जीपमध्ये बसून मी त्या रामरामावरही जळत होते.