ब्रेकेजची वही

"मावशी, तुम्ही बाटल्या धुवा. हिशोब आमच्यावर सोडा."

प्रवेशाच्या माहितीसभेत संचालक सर माइकवरून म्हणाले. भरलेलं सभागृह हसलं. शेजारी बसलेली माझी मुलगी श्वेता खाली बघत होती. तिच्या मांडीवर कर्जाचा फॉर्म होता. माझ्या सहीच्या जागी आधीच पेन्सिलने फुली मारून दिलेली.

मी एवढंच विचारलं होतं, "सर, ही डिग्री झाल्यावर मुलांना पगार किती मिळतो?"

बायोटेक्नॉलॉजीची बी.एस्सी., चार वर्षांची. खासगी विद्यापीठ. कर्ज साडेनऊ लाखांचं आणि तारण म्हणून धायरीतलं माझं वन रूम किचन. नवरा गेल्यावर विम्याचे पैसे आले, त्यातून घेतलेलं.

आधी ते म्हणाले, "विद्या पगारात मोजतात का?" मी म्हटलं, "फी तर रुपयांतच मोजून घेताय." त्यावर ते बाटल्यांचं बोलले. वर आणखी, "आणि तुम्हाला तर सवलती असतात ना? मग कसली काळजी?" त्या सवलती तिथे लागू नव्हत्या. हे त्यांना ठाऊक होतं. सभागृहाला फक्त माझी जात कळवायची होती.

हे सर मला चांगले ओळखतात. शहरातल्या एका जुन्या कॉलेजात मी बावीस वर्षं केमिस्ट्री लॅबमध्ये अटेंडंट आहे. ते तिथेच प्राध्यापक होते. निवृत्त होऊन इथे संचालक झाले. शनिवार पेठेत वडिलांनी ठेवलेलं घर, दोन्ही मुलं परदेशात. अशा माणसाला विद्या पगारात मोजावी लागत नाही.

दाराबाहेर कर्जवाल्यांचं टेबल होतं. तिथली बाई गोड आवाजात म्हणाली, "शनिवारपर्यंत सही द्या हं मॅडम. सीट थांबत नाही."

घरी आल्यावर श्वेता म्हणाली, "सगळ्यांसमोर विचारायची काय गरज होती? लाज वाटली मला."

"कशाची? पगाराची की माझी?"

ती आत गेली.

आमच्या लॅबमध्ये ब्रेकेजची वही असते. कुणी ब्युरेट फोडली, फ्लास्क फोडला, की त्यात नाव, वर्ग, मोबाईल नंबर आणि किंमत लिहून सही करायची. वही माझ्या ताब्यात. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी काही वर्षांपूर्वीची पानं काढली. यातल्या कुणी पुढे खासगी विद्यापीठात एम.एस्सी. केली, ते मला आठवत होतं. प्रवेश मिळाल्यावर पेढे घेऊन आली होती सगळी.

पहिला नंबर कुणी उचलला नाही. दुसऱ्याने कापला. तिसऱ्याने विचारलं, "कोण? बँकेतून का?"

"नाही रे. लॅबमधली मावशी."

"मावशी, तुम्ही होय! त्या पिपेटचे पैसे राहिलेत की काय अजून?"

आम्ही दोघं हसलो. मग त्याने पगार सांगितला. चाकणला औषधाच्या कंपनीत, कंत्राटी, चौदा हजार. हप्ता अकरा हजार.

"मग राहतोस कसा?"

"बाबा पाठवतात," तो म्हणाला. त्याचे वडील रखवालदार आहेत. हे मला आधीपासून माहीत होतं.

पुढचा नंबर त्याच वर्गात पहिल्या आलेल्या मुलीचा होता. ती दबक्या आवाजात म्हणाली, "ऑफिसच्या वेळात फोन करू नका म्हणून सांगितलंय ना मी? आणि बाबांना तर अजिबात करायचा नाही." मी कोण आणि श्वेताच्या कर्जासाठी विचारतेय, ते सांगितलं. तेव्हा ती म्हणाली, "मावशी, तुमची सही झाली नसेल तर थांबा."

चार दिवसांत एकोणीस जण बोलले. तिघांचं बरं चाललं होतं, तेही सांगायला हवं. त्यातल्या दोघांनी कर्ज काढलं नव्हतं. बाकीच्या बहुतेकांनी फोन उचलून पहिल्यांदा विचारलं ते एकच. बँकेतून का?

गुरुवारी वह्या परत कपाटात लावताना तळातली एक हातात आली. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षातली. उघडली, तर त्यात माझंच नाव. "काचेचा कंडेन्सर, एक. मावशीच्या हातून." अक्षर सरांचं. सही माझी.

तो कंडेन्सर प्रयोग दाखवताना त्यांच्या कोपराने पडला होता. वर्ग सुटल्यावर म्हणाले होते, "माझ्या नावावर कसं लिहायचं? करा सही, मी बघतो नंतर." मी नवीन होते, कायम झाले नव्हते. मोठा माणूस आहे, बघेल, असं वाटलं. तीन महिने पगारातून पैसे कापले गेले. ते नंतर कधी आलंच नाही.

शनिवारी श्वेताला घेऊन मी त्यांच्या केबिनमध्ये गेले.

"या मावशी. झाला का अभ्यास?" त्यांनी पेन पुढे केलं.

मी त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवला. "ब्रेकेजच्या वहीतल्या एकोणीस मुलांना फोन करून विचारलंय सर. आधी तुम्ही लिहा. डिग्री झाल्यावर हिला हप्ता भागेल एवढा पगार मिळेल. नाही मिळाला, तर हप्ता तुमची संस्था भरेल. खाली सही करा."

"असं कुणी लिहून देतं का?"

"मी दिलंय. तुमच्या कंडेन्सरचं."

त्यांनी पेन मागे घेतलं. आठवलं की नाही, कळलं नाही. मग म्हणाले, "मुलीचं वाटोळं कराल. तुमच्या लोकांचं हेच चुकतं."

मी फॉर्म घडी करून पिशवीत टाकला आणि उठले. श्वेता बसून राहिली. मी दारात उभी राहिले. मागे वळले नाही. बऱ्याच वेळाने खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

स्वारगेटच्या स्टँडवर ती माझ्यापासून लांब उभी राहिली. अजूनही कामापुरतंच बोलते. आमच्याच कॉलेजात बी.एस्सी.ला तिचं नाव घातलंय. फी माझ्या पगारात बसते. विज्ञान सोडलेलं नाही, घर गहाण टाकलेलं नाही. पुढे तिला नोकरी मिळेल का, मला माहीत नाही. तिलाही मी तसंच सांगितलं.

सरांनी आमच्या प्राचार्यांना फोन केला. बुधवारी मला मेमो आला. वहीतले नंबर वापरले, दुसऱ्या संस्थेची बदनामी केली, चूक मान्य असल्याची सही करावी. ऑफिसातले क्लार्क म्हणाले, "करून टाका हो मावशी. शेवटची सहा वर्षं राहिलीत तुमची. कशाला वैर घेता?"

त्या एकोणीस जणांना मी बोलावलं, त्यातले अकरा जण लॅबमध्ये येऊन गेले. मी नवी वही आणली होती. त्यांनी आपापल्या हाताने लिहिलं. कर्ज, हप्ता, पगार. पुढच्या प्रवेशांच्या वेळी पालक लॅब बघायला येतील, तेव्हा ती टेबलावर उघडी असेल. मला तिथून हलवलं, तर वही गेटवर घेऊन उभी राहीन.

मेमो अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. सहीची जागा कोरी. माझ्या हातून जे फुटलं नाही, त्याच्याखाली माझं नाव पुन्हा येणार नाही.