मुक्ताईमावशींचा पहारा

विश्रांतवाडीत आळंदी रस्त्याच्या आतल्या बाजूला, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर मुक्ताईमावशींची मेस आहे. पुढे जेवायच्या दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि त्याच्याही मागे चिंचोळी मोरी आणि भाडेकरूंचा सामाईक संडास. नोकरीला लागल्यापासून लग्न होईपर्यंत मी तिथेच जेवले. जेवण उत्तम होतं. मावशींचा स्वभाव पचायला मात्र वेळ लागला.

मावशींचा कुणावरच विश्वास नव्हता. दूधवाला उभा असतानाच त्या दुधाचा वास घेत आणि मगच पातेलं पुढे करत. पनीर घरी दूध फाडून करत. विकतच्या पनीरमध्ये काय असतं हे विकणाऱ्याला तरी ठाऊक असतं का, असा त्यांचा सवाल. अंडी एकेक करून वेगळ्या वाटीत फोडत. उरलेला भात दुसऱ्या दिवशी ताटात दिसत नसे. पिण्याचं पाणी रोज खळखळून उकळायचं, झाकणाच्या पिंपात भरायचं आणि लांब दांड्याच्या ओगराळ्यानंच घ्यायचं. कुणी पिंपात पेला बुडवला तर त्याला त्या दिवशी जेवण नाही.

हे सगळं आमच्या भल्याचं होतं, म्हणून आम्ही हसून सोडून द्यायचो. पण संशय पिंपापाशी थांबत नसे. आज जेवायला येणार नाही असं म्हटलं, की मावशी विचारत, "कुणाकडे जेवताय?" आणि उत्तर काहीही दिलं तरी त्यांना ते पटत नसे.

त्यालाही कारण होतं. जिंतूरकडच्या एका खेड्यातून नवऱ्याबरोबर त्या पुण्यात आल्या. नवरा वैजनाथ एका गोदामावर राखणदार होता. तो गेल्यावर मावशींनी जावेच्या भागीदारीत मेस काढली. एका सकाळी उठून बघतात तर जाऊ मोठी भांडी घेऊन गेलेली, आणि निम्मे मेंबर तिच्या नव्या जागेत जेवायला बसलेले. तेव्हापासून मावशी स्वयंपाक करतानासुद्धा दाराकडे तोंड करून बसत.

नम्रता त्यांच्याकडे चपात्या करायला होती. हिंगोलीकडची, तिशीची, हाताला चलाख. चपात्या, कोशिंबीर, ठेचा हे तिचं काम. तिच्याआधी सुशीलाबाई होत्या. पोट बिघडलं म्हणून त्या दोन दिवस घरी राहिल्या. ही नक्की कुठल्यातरी लग्नाच्या स्वयंपाकाला गेली असणार, अशी मावशींची खात्री झाली आणि सुशीलाबाईंना परत येऊ नका म्हणून निरोप गेला. नम्रता तेव्हा भांडी घासायला असायची. तिने ते सगळं बघितलं होतं.

पावसाळा अर्धा सरला होता. सौमित्र नावाचा इंजिनिअरिंगचा एक मुलगा जेवायला यायचा थांबला. पोट बिघडलंय आणि ताप आहे, असं कळलं. मावशी म्हणाल्या, गाडीवरचं चायनीज खाल्लं असणार. मग माझी रूममेट ऋचा आजारी पडली. तिच्यामागून आणखी तिघे-चौघे. जुलाब, पोटात कळा, अंगात कणकण. सौमित्रला तर दवाखान्यात ठेवून सलाइन लावावं लागलं.

आता गाडीवरच्या चायनीजवर भागण्यासारखं नव्हतं. मावशींनी दूधवाला बदलला. भाजीवालीला दारातून परत पाठवलं. नळाच्या पाण्याबद्दल त्या बराच वेळ बोलल्या, पण ते तर त्या स्वतः उकळत होत्या. शेवटी त्यांचा संशय समोरच्या गल्लीत जाऊन पोचला. पाडव्याला तिथे योगेश नावाच्या माणसाने नवी मेस उघडली होती आणि आजारातून उठलेले दोघे तिकडे जेवायला लागले होते.

मावशींनी मला बाजूला घेतलं. आपली मेस बंद पडली तर कुणाचा फायदा आहे ते बघ, असं म्हणाल्या. आणि त्याचं माणूस आपल्या स्वयंपाकघरात आहे. नम्रता सारखी मागच्या बाजूला जाते. हातात फोन असतो. विचारलं तर काही नाही म्हणते. परवापासून नजरेला नजर देत नाही.

मी म्हटलं, असं काही नसेल. पण त्यांनी सांगितल्यावर मलाही दिसायला लागलं. नम्रता खरंच सारखी उठत होती. तिचा चेहरा उतरला होता आणि ती कुणाशी बोलत नव्हती. ही कुजबुज इतरांच्याही कानावर गेली असावी, कारण दोन दिवसांत आम्ही सगळेच तिच्या हातांकडे बघत जेवायला लागलो. तिने वाढलेलं ताट कुणी चटकन पुढे ओढत नव्हतं.

रविवारी सकाळी मी पाण्याची बाटली भरायला आत गेले. मावशी कणीक तशीच टाकून उठल्या होत्या. मोरीच्या दारात त्या पाठमोऱ्या उभ्या होत्या आणि आत संडासाच्या उंबऱ्यावर नम्रता पोट धरून बसली होती.

"कुणाला फोन लावत होतीस?" मावशींनी विचारलं.

"कुणालाच नाही, ताई."

"योगेशनं काय सांगून ठेवलंय तुला?"

नम्रताला आधी काही कळलंच नाही. मग तिचे डोळे भरून आले. दर सकाळी पोरीला शेजारणीकडे सोडून यावं लागतं, म्हणून तिची चौकशी करायला फोन लावते, असं ती म्हणाली. आणि मग हळू आवाजात म्हणाली, "माझं पोट बिघडलंय, ताई. आठवडा होत आला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्हाला खरं वाटलं असतं?"

डाळ उतू जायला लागली, मी जाऊन गॅस बंद केला. परत आले तर त्या तशाच उभ्या होत्या. मग सवयीने त्यांनी विचारलं, हात तरी धुतेस ना. धुते की, नम्रता म्हणाली, पाण्यानं.

मोरीतली साबणाची वाटी कोरडी होती. भाडेकरू साबण पळवतात, आणि कामाच्या बायाही वडी पदराखाली नेतात, अशा संशयाने मावशींनी तो कधीचाच आतल्या कपाटात कुलपात ठेवला होता. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं.

मावशी आत आल्या. चिरलेल्या काकडीचं पातेलं, कांदा, मळलेली कणीक, सगळं त्यांनी कचऱ्याच्या डब्यात ओतलं. मेस काही दिवस बंद, असं मला पाटीवर लिहायला लावलं. नम्रताला रिक्षात बसवून महापालिकेच्या दवाखान्यात पाठवलं. दवाखान्यात सगळी हकिगत कळली आणि दुसऱ्या दिवशी अस्मिता नावाची आरोग्यसेविका मेस बघायला आली.

मावशींनी आधी तिचं ओळखपत्र मागितलं. ते उलटंपालटं करून बघितलं. हीसुद्धा योगेशकडूनच आलेली नाही ना, हा प्रश्न त्यांच्या तोंडावर मला स्पष्ट दिसत होता. अस्मिताला अशा तोंडांची सवय असावी. तिने नळाचं पाणी नळीत घेऊन औषधाचे थेंब टाकले. पाणी पिवळं झालं, म्हणजे त्यात क्लोरीन होतं. पिंपाचं पाणी उकळलेलं आणि झाकलेलं होतं, त्यातही तिला खोट काढता आली नाही. मग तिने कुणी काय खाल्लं ते विचारायला सुरुवात केली.

आजारी पडलेले सगळे कोशिंबीर खाणारे निघाले. मला दही सोसत नाही, म्हणून मी ती कधी घेत नसे. वरणभातावर जगणारा एकजण होता, तोही ठणठणीत होता. अस्मिता म्हणाली, चपातीला निदान तव्याचा चटका बसतो, काकडीला चिरणाऱ्याचा हात तेवढा लागतो. जुलाब होत असलेल्या माणसाने दुसऱ्यांचं अन्न हाताळूच नये. जुलाब थांबल्यावरही दोन दिवस जाऊ द्यावेत. आणि संडासातून आल्यावर साबण हवाच, नुसतं पाणी पुरत नाही.

"म्हणजे तिच्यापासूनच झालं?" मावशींनी विचारलं.

तसं दिसतंय, पण पहिलं आजारी कोण पडलं आणि नम्रताला लागण कुठून झाली हे नक्की सांगता येणार नाही, असं अस्मिता म्हणाली. तिच्या गल्लीतलं पाणी तपासू. हे उत्तर मावशींना आवडलं नाही. कुणावर तरी बोट ठेवता आलं असतं तर त्यांना सोपं गेलं असतं.

संध्याकाळी त्या सौमित्रला बघायला निघाल्या. मीही बरोबर गेले. मावशींनी तांदळाची पेज केली होती, डबा कापडात घट्ट बांधला होता. सौमित्रची आई अकोल्याहून आली होती. मेसवाल्या बाई म्हटल्यावर तिचा चेहरा कठीण झाला. तिने डबा घेतला, झाकण उघडलं आणि वास घेतला. मग झाकण लावून तो कॉटखाली सरकवून दिला.

मला फार अवघड झालं. मावशी मात्र म्हणाल्या, "बरोबर केलंत. मीसुद्धा हेच केलं असतं."

"काय घातलंत हो माझ्या लेकराला?" आईने विचारलं.

मावशींना काकडीबद्दल सांगता आलं असतं. नम्रताबद्दल सांगता आलं असतं, ते खोटंही ठरलं नसतं. त्या म्हणाल्या, "माझ्या मोरीत साबण नव्हता. मी तो कुलपात ठेवला होता. आणि माझी बाई आजारी होती, तिला ते मला सांगायची भीती वाटली."

क्षमा वगैरे सौमित्रच्या आईने केली नाही. बसा, एवढंच म्हणाली. निघेपर्यंत डबा कॉटखालीच होता.

पुढचं मला नम्रताने नंतर सांगितलं. मावशी तिच्या घरी गेल्या त्या ओआरएसच्या पुड्या घेऊन. पाणी उकळून गार करायला लावलं, पुडी त्यात कालवली आणि घोट घोट प्यायला बसवलं. नम्रता पाणी नको म्हणत होती, प्यायलं की पुन्हा जावं लागतं. तेव्हा मावशींनी तिला आपल्या धाकट्या भावाचं सांगितलं. गावात त्याला हगवण लागली होती. पाण्यानं ती वाढते, असं म्हणून मोठ्या माणसांनी त्याचं पाणी तोडलं. तो पाणी मागत मागत गेला. मावशी तेव्हा परकरातल्या होत्या, घागरीजवळ बसून होत्या, आणि घागरीला हात लावायचा नाही असं त्यांना बजावलेलं होतं.

बरी होईपर्यंत येऊ नकोस, पगार कापणार नाही, असं सांगून मावशी निघाल्या. नम्रताने ह्या वाक्याचा सरळ अर्थ काढला, की आपलं काम गेलं. तिने मला फोन केला. ताईंनी दुसरी बाई ठेवली का, खरं सांगा. मी म्हटलं, नाही, मेस अजून बंद आहे. ते तिला पटलं नाही. मेस उघडल्यावर मावशी स्वतःच चपात्या लाटतायत आणि त्या जाडजूड होतायत, असं मी कळवलं, तेव्हा कुठे तिला थोडा धीर आला.

नम्रता परत आली. सौमित्र बरा झाला, पण योगेशकडे जेवायला लागला. आणखीही काहीजण गेले ते आले नाहीत. मोरीत आता साबण असतो आणि तो खरंच लवकर संपतो. कुणी नेतं का, ते मावशींनी शोधून काढलेलं नाही, आणि त्यांच्या स्वभावाला हे किती जड जात असेल याची मला कल्पना आहे. कोशिंबीर बरेच दिवस बंद होती. पुढे सुरू झाली ती काकडी नीट धुऊन, सोलून, आणि ताटं मांडायच्या वेळी चिरून. दुधाचा वास घेणं चालूच आहे.

रोज सकाळी कामाच्या बाया आल्या की मावशी त्यांना पोट कसं आहे ते विचारतात. आधी बायांना हसू यायचं. गणपतीत एकदा मोठी ऑर्डर होती, मोदकांचं सारण गॅसवर होतं आणि नम्रता दारातच थांबून म्हणाली, "ताई, सकाळपासून दोनदा जाऊन आले."

मावशी तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांचे डोळे बारीक झाले. ती नवीन साडी नेसून आली होती, तेही त्यांनी बघितलं.

"जा घरी," त्या म्हणाल्या. "पाणी पीत राहा."

ती गेल्यावर त्यांनी मला विचारलं, खरं असेल ना. मी म्हटलं, मला काय माहीत. असू दे, असं म्हणून त्यांनी साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि उकड मळायला घेतली.