मिठाची वाटी

"तू नको वाढूस. तू पानं उचल."

काकू हसतच म्हणाल्या. माझ्या हातातली मिठाची वाटी त्यांनी अलगद काढून घेतली आणि माझ्याहून दोन वर्षांनी लहान असलेल्या त्यांच्या मुलीच्या, अवनीच्या हातात दिली.

चेन्नईत वेस्ट मांबलममधला मराठी मंडळाचा हॉल. गणपतीची पंगत. मी अकरा वर्षांची. मंडळाचं युवा केंद्र होतं, ते काकू चालवायच्या. तिथली रीतच होती. केंद्रात आलेल्या पोरानं आधी मीठ वाढायचं. जरा मोठं झालं की लिंबू, कोशिंबीर. मग वरण. कॉलेजात गेल्यावर भात नि जिलबी. पोरं अशी वाटीवाटीनं वर चढत जायची. मी मिठालाच अडले.

"तुझे हात चपळ आहेत ना," काकू म्हणाल्या. "बाबांनाही मदत होईल."

बाबा भिंतीशी बादली घेऊन उभे होते. रेल्वेत सफाई कामगार, नांदेडकडून चेन्नईला आलेले. मंडळानं त्यांना कामाला ठेवलं नव्हतं. पण हॉलची मोरी तुंबली की फोन त्यांनाच यायचा. का, तर आपलाच माणूस आहे. आमची जात कुणी कधी विचारली नाही. विचारायची गरजच पडली नाही. आडनाव होतं की.

मी पानं उचलली. चिवडलेला भात, शेवग्याच्या शेंगांचा चोथा, कुणी पानातच हात धुतलेला. नव्या फ्रॉकवर आमटी सांडली. दुसऱ्या पंगतीला अवनी मीठ वाढत आली तेव्हा मी अंग चोरून बाजूला सरकले. सरक असं कुणी म्हटलं नव्हतं.

खोटं कशाला बोलू, त्या केंद्रानं मला घडवलंही. रविवारची मराठी शाळा तिथंच भरायची. बाराखडी तिथं शिकले, कपाटातली पुस्तकं तिथं वाचली. घरात नांदेडची बोली, बाहेर सगळं तमिळ. आता लिहितेय हे मराठी काकूंनीच घोटून घेतलेलं. निबंधाला मला पहिला नंबर द्यायच्या. बक्षीस घेऊन मी स्टेजवरून उतरायची आणि मागे जाऊन पानं उचलायची. वर्षानुवर्षं. यात काही खटकण्यासारखं आहे असं मला वाटायचंच नाही. याचीच आता जास्त चीड येते.

दहावीनंतर डिप्लोमाला गेले. इंजिनिअरिंग ड्रॉइंग काही जमेना. वर्गातल्या एका मुलीनं गिंडीतल्या, कारखान्यांच्या भागातल्या युवा केंद्राचं सांगितलं. केंद्र कसलं, वर्कशॉपांच्या मागे पत्र्याची एक खोली. फळा, दोन कॅरमबोर्ड, जुने कॉम्प्युटर. चालवायच्या सेल्वी अक्का. आयुष्यभर एका कारखान्यात लेथ मशीनवर काम केलेल्या. दिवसभर कामावर असणारी पोरंपोरी संध्याकाळी त्यांच्याकडे ड्रॉइंग शिकायला यायची.

पोंगलला तिथं जेवण होतं. जमिनीवर केळीची पानं मांडलेली. जेवण आटोपलं आणि मी सवयीनं उठले. एक पान उचललं. दुसरं उचललं. तिसरं पान मुरुगन नावाच्या वेल्डरचं. तो पान हातानं दाबून बसला.

"नी येन एडुक्कुरे?" तू का उचलतेस?

सगळे बघायला लागले. कुणीतरी हसलं. अक्का रागावल्या नाहीत, समजावत बसल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "साप्टवंग एडुप्पांग." जो जेवला, तोच उचलेल. मग रसमची बादली माझ्या हातात दिली आणि उशिरा आलेल्यांना वाढायला सांगितलं. मी वाढलं, ते जेवले. आभाळ काही कोसळलं नाही.

नळावर हात धुताना मात्र रडू आवरेना. अपमान झाला होता वेस्ट मांबलमला. तो मला कळला गिंडीला, इतक्या वर्षांनी.

डिप्लोमा झाला. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली. गेल्या गणपतीत मंडळाचा फोन आला. आपल्या केंद्रात घडलेली मुलगी म्हणून सत्कार करायचाय. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, मग मला नाही म्हणवेना. शाल, नारळ, टाळ्या. माझ्याबद्दल बोलताना काकूंचे डोळे भरून आले. खरंच आले, नाटक नव्हतं.

पहिली पंगत उठली. काकू माझ्या कानाशी आल्या.

"अगं, पानांचं तेवढं बघतेस का? बाबा थकलेत आता."

शाल अजून माझ्या खांद्यावर होती.

"नाही काकू. ज्यानं खाल्लं त्यानं उचलावं."

मी मोठ्यानं बोलले नाही, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. काकूंचा चेहरा पडला. "एवढं काय त्यात? घरचंच कार्य आहे."

"घरचं आहे, तर अवनीला सांगा ना."

पानं तशीच पडून राहिली. बाबा बादलीकडे वळले. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि एकेक पान उचलायला लागले. इस्त्रीच्या शर्टात, वाकून. मी हात लावला नाही. बघत उभी राहिले. इतकं जड काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

आम्ही स्टेशनवर आलो. फलाटावर बाबा म्हणाले, "कशाला बोललीस? परमुलखात आपलं म्हनावं आसं येवढंच तर हाय."

"आपलं असतं तर बाबा, एकदा तरी मीठ वाढू दिलं असतं."

तेव्हापासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलतात. मी थकलेय. नोकरीनं नाही, समजून घेऊन घेऊन थकलेय. काकू मनानं वाईट नाहीत, समजून घे. बाबा घाबरतात, समजून घे. मला समजून घ्यायची पाळी कुणावरच येत नाही.

सोड ते मंडळ, असं गिंडीतले सगळे सांगतात. गिंडीला मी जातेच, शनिवारी पोरींना ड्रॉइंग शिकवते. पण तो हॉल मी सोडणार नाही. तिथली बाराखडी माझी आहे. तिथली मोरी माझ्या बापानं उपसलीय.

येत्या गणपतीला मी जाणार. बाबांना म्हणेन, पानावर बसा. बसले तर बसले, नाही तर नाही. मी मिठाची वाटी घेईन आणि पहिल्या पानापासून वाढत जाईन. काकूंचा हात पुढे आला तर या वेळी वाटी सोडणार नाही.