सरणाला दिलेलं डिझेल

लखमासारखा प्रामाणिक माणूस आणि लखमासारखा गाढव दुसरा नाही, असं मी पूर्वी सगळ्यांना सांगायचो. वैशाखऱ्याच्या माळावर मोबाइलचा टॉवर होता, त्याचा तो राखणदार. मी मुरबाडहून जाऊन तिथला जनरेटर बघायचो. वीज गेली तरी फोन बंद पडता कामा नयेत, म्हणून पावसाळ्याआधी तीन दिवसांचं डिझेल तिथे भरून ठेवायचं, असा कंपनीचा हुकूम. सहा कॅन. याला हात लावलास तर माझ्याशी गाठ आहे, असा दम मी लखमाला भरून ठेवला होता.

दोन हजार पाचच्या जुलैत लखमाच्या वाडीतला सावळ्या म्हातारा गेला. लाकडं चिंब भिजलेली. त्याची बायको ठकी लखमाच्या दारात येऊन बसली. त्या वाडीत रीतच अशी, की सरणासाठी मागितलं तर नाही म्हणायचं नाही, आणि दिलेलं नंतर बोलूनही दाखवायचं नाही. लखमाने दोन कॅन दिले आणि रीत पाळून मलाही सांगितलं नाही. अरे बाबा, सांगितलं असतंस तर दुसऱ्याच दिवशी भरून दिले असते की.

आठवड्याने आभाळ फाटलं. वीज गेली, मुरबाडकडचा पूल पाण्याखाली गेला. तीन दिवसांची सोय आहे म्हणून मी इकडे निवांत. तिकडे लखमाची लेक मंगळी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. टोकावड्याच्या जगदीशची जीप सांगून ठेवली होती. कळा सुरू झाल्या की फोन करायचा, एवढंच ठरलेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी जनरेटर थांबला, आणि दुपारी कळा सुरू झाल्या. लखमा टोकावड्यापर्यंत धावत गेला. जीप घेऊन आला तोवर पोरही गेली होती आणि पोटातलं बाळही.

चौथ्या दिवशी पाणी उतरलं. गाडी चिखलात रुतली तिथेच सोडून, डोक्यावर एक कॅन घेऊन, टॉवर वेळेआधीच बंद पडला म्हणून लखमाला शिव्या देत मी माळावर पोचलो. तो कुंपणाशी बसला होता. रडला नाही. झालं ते सगळं सांगितलं, सावळ्याचं मात्र मीच खोदून विचारलं तेव्हा. मग म्हणाला, "भाऊ, लाकडं पेटत नाय. सकाळपासून ठेवलीय तिला."

कॅन मीच सरणापाशी नेला आणि मंगळीसाठी ओतला.

टॉवर आणखी एक दिवस बंद राहिला. डिझेल वाटेत सांडलं, असं मी साहेबांना सांगितलं. त्या एका दिवसात कुणाला कुठे फोन लावायचा होता आणि लागला नाही, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही. छाती होत नाही.