शहराचं नाव सांगा

डॉक्टरांनी आधी नाव विचारलं, मग वय. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दोन्ही बरोबर सांगितलं. सकाळी अंगणात दात घासताना त्यांचं तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला, आणि आमच्या पिशोर गावाहून इथं दवाखान्यात येईपर्यंत त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. त्यामुळं ते दोन-चार शब्द ऐकून मला रडूच येणार होतं.

"आता सांगा बाबा, आपण कोणत्या शहरात आहोत?"

दादांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

मेंदूला किती मार बसलाय ते या प्रश्नांवरून कळेल, असं डॉक्टर म्हणाले होते. या शहरात दादांनी उभी हयात प्रवाशांची काळी-पिवळी जीप आणली. खडकी, फतेहनगर ही त्याची जुनी नावं आम्हाला त्यांनीच सांगितली. दरवाजांचं शहर म्हणत एकेक दरवाजा दाखवत फिरवलं. तो माणूस हे विसरला तर उद्या मला तरी ओळखेल का? आठवतील तेवढ्या देवांना नवस बोलून झाले.

"आठवतंय का? घाई नाही."

दादांनी डॉक्टरांकडे नीट पाहिलं, मग डाव्या हातानं मला खूण केली. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"ह्यो कोन हाय गं? औरंगाबाद म्हनू का संभाजीनगर?"

माझा जीव भांड्यात पडला. दादा पुरते शुद्धीवर होते. फार पूर्वी या नावावरून एका प्रवाशानं भर जीपमध्ये त्यांची कॉलर धरली होती. तेव्हापासून ते आधी आरशात माणसं बघायचे, अंदाज घ्यायचे, आणि मगच शहराचं नाव तोंडातून काढायचे. कन्नडच्या स्टँडवर ओरडायचे तेसुद्धा "वेरूळ, खुलताबाद, नगर नाका!" नाका या शहरातलाच, पण शहराचं नाव काही घ्यायचे नाहीत. सरकारनं नाव बदललं, पाट्या बदलल्या, दादांची धास्ती काही गेली नाही. घरात आम्ही त्यांना घाबरट म्हणून चिडवायचो, त्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा.

"काय म्हणतात?" डॉक्टरांनी मला विचारलं.

सांगायला तोंड उघडलं आणि माझी नजर त्यांच्या कोटाकडे गेली. त्यावर नावाची पट्टी होती, खिशातल्या पेनांआड अर्धी झाकलेली. मी मान वाकडी करून ती वाचायला लागले.