पट्टे पडलेली नळी

काटेखाये सर गेल्याचं मला वरठीच्या स्टेशनबाहेर सायकल काढताना कळलं. तिथल्या कारखान्यात लागलेला माझा वर्गमित्र म्हणाला, "सर गेले गा, परवा. एकोडीले, घरीच." त्याला आता तीन आठवडे झाले...

ऐंशीच्या सुमारास मी कॉलेजात पत्रकं वाटत फिरे. मोठ्यांची लबाडी उघडी पाडायची, बाकीचा अभ्यास नंतर, असा माझा हिशेब. सर फिजिक्सच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्यांवर रासायनिक द्रावणाचा पातळ थर चढवत, आणि मी त्यांच्या हाताखाली असे. सपाट काचेवर ते त्या मानानं सोपं. गोल नळीवर थर कुठे जाड, कुठे विरळ बसतो. नळी द्रावणातून एकाच संथ वेगानं वर काढावी लागते, आणि त्याचं मोटारीचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. सरांनी नळी जागीच टांगली आणि भांड्याच्या तळाला सलाइनची नळी जोडून द्रावणच हळूहळू खाली उतरवलं. हे सुचलं कसं, असं विचारलं तर म्हणाले, "तलावाचं पाणी उतरते, तवा काठचा दगड कोणी उचलते काय?"

अडचण एकच होती. भांडं रिकामं होत जाई तशी धार मंदावे, म्हणून सलाइनचा चिमटा सतत हातानं सैल करत बसावं लागे. हात चुकला की, थर पक्का करायला भट्टीत भाजून काढलेल्या नळीच्या खालच्या टोकाला रंगीत पट्टे दिसत. चिमट्यावर बहुतेक मीच असे.

यंत्रासाठी अनुदान द्यायचं का, हे ठरवायला समिती आली. सर निवृत्तीला आले होते. पुन्हा संधी नव्हती. मी तीन चांगल्या नळ्या टेबलावर मांडल्या आणि बिघडलेल्या सगळ्या माझ्याच उरलेल्या पत्रकांत गुंडाळून कपाटात कोंबल्या. सरांनी समितीसमोर कपाट उघडलं. कागद सोडता सोडता हळूच विचारलं, "काहून लपवल्या गा? कशानं बिघडल्या, तेच तं सांगाचं हाये त्यायले."

मग एकेक नळी मांडून सरांनी सगळं सांगितलं. समितीतल्या एकानंही पट्ट्याची नळी हातात घेतली नाही, याचा राग मला आजही आहे. अनुदान आलं नाही. मी चार दिवस प्रयोगशाळेत फिरकलो नाही. पाचव्या दिवशी सरांनी निरोप धाडला: चिमट्यावर बसाले माणूस नाही.

त्यातली एक नळी माझ्या टेबलावर, पेनांच्या डब्यात आहे. पट्ट्यांचं टोक मी वर ठेवतो.